दिनविशेष : परक्या अपराधाची आठवण
२ फेब्रुवारी २०००

अमेरिकेत यूपीएन वाहिनीवर ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अंतराळकथा मालिकेचा ‘मेमोरियल’ हा भाग प्रसारित झाला. एका ग्रहावरचा स्तंभ जवळून जाणाऱ्यांच्या मनात ८२ वसाहतवासीयांच्या कत्तलीची आठवण उतरवत होता, तीही मारणाऱ्या सैनिकांची. न केलेल्या हत्येच्या अपराधभावाने व्हॉयेजर यानातले लोक कोलमडले. स्तंभ निकामी होत आला होता. यानाची कॅप्टन जेनवे हिने तो बंद न करता दुरुस्त करायला लावला.

हा निर्णय आजही बोचतो, बोचायलाच हवा. बहुतेक स्मारके आपल्याला मृतांच्या बाजूला उभे करतात. या कथेने मारेकऱ्याच्या जागी उभे केले. आठवण जिवंत कशी ठेवायची, हा प्रश्न कथेबाहेरही आहे. होलोकॉस्टमधून वाचलेले साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. त्यांच्यामागे त्यांची साक्ष पुढच्या पिढीला कोण आणि कशी देणार, हे ठरवायला वेळ कमी आहे.