सर्वांत कमी दराची निविदा

मंडळी, जयगडला राहणाऱ्या माणसाने इतिहासावर लिहायचे म्हणजे किल्ल्यावर लिहायचे, असा एक समज आहे. किल्ल्यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि चांगले लिहिले आहे. आज मी कचऱ्याच्या टेंडरचा इतिहास सांगणार आहे. नाक मुरडू नका. या विषयात राजकारण आहे, जात आहे, अंकगणित आहे आणि एक छोटा विजयही आहे.

सुरुवात कायद्यापासून करू. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ७२ वे कलम निविदांचे आहे. ठराविक रकमेवरच्या कामाचा करार करण्यापूर्वी आयुक्तांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा मागवाव्यात, असे ते सांगते. पुढचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही. आलेली कोणतीही निविदा स्वीकारायला आयुक्त बांधील नाहीत; सर्व परिस्थिती पाहता जी अधिक फायद्याची वाटेल ती त्यांनी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कायद्याने 'स्वस्त' म्हटलेले नाही, 'फायद्याची' म्हटले आहे. व्यवहारात मात्र दोन लखोटे आले. पहिल्यात कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिल्या लखोट्यात पास झालेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, तो 'एल-वन'. काम त्याचे. फायदा आणि स्वस्ताई यांतला फरक तिथेच पुसला गेला.

कचऱ्याच्या बाबतीत हा फरक फार महाग पडतो. मुंबईचा कचरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या वाघिणींतून चेंबूरच्या दलदलीकडे जात असे. १९२७ पासून देवनारचे डम्पिंग ग्राउंड चालू झाले आणि पुढे त्याचे डोंगर झाले. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर साऱ्या शहराने पाहिला. आता ठेकेदाराला पैसे मिळतात ते बहुतेक ठिकाणी टनावर. जितके वजन, तितके बिल. मग कचरा कमी व्हावा, वेगळा व्हावा, त्यातले कागद-काच-पत्रा बाजूला निघावे, असे ठेकेदाराला का वाटेल? उलट कचऱ्यात माती आणि राडारोडा मिसळून वजन वाढवल्याच्या तक्रारी मुंबईत वारंवार झाल्या. माणसे वाईट होती म्हणून हे झाले, असे मी म्हणणार नाही. करारातच बक्षीस चुकीच्या गोष्टीला ठेवले होते. परीक्षेत पानांच्या संख्येवर गुण द्यायचे ठरवले तर मुले मोठे अक्षर काढतील, त्यातला प्रकार.

आता पुण्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे पुण्यात आली. त्यातल्या पुष्कळ दलित बायकांच्या हाती दुसरे काम लागले नाही, म्हणून त्यांनी खांद्यावर पोते घेतले. उकिरड्यातून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा. कुणी चोर म्हणावे, पोलिसांनी हटकावे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी त्यांच्यात काम सुरू केले. एका उद्योजकाने गाडी लावून घरोघरचा कचरा न्यायला सुरुवात केली, तेव्हा या बायकांच्या लक्षात आले की आपला कचरा म्हणजेच आपली भाकरी दुसऱ्याच्या गाडीत चालली आहे. १९९३ साली, हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने, पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' जन्माला आली. १९९५-९६ च्या सुमारास संघटनेच्या ओळखपत्रांना पालिकेची मान्यता मिळाली.

ओळखपत्राला पालिकेची मान्यता का मागितली, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न आहे. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही भीक मागत नाही, आम्ही शहराचे काम फुकट करतो. हे म्हणणे भाषणात टाळ्या घेते, पण कार्यालयात चालत नाही. कार्यालयात आकडा लागतो. म्हणून त्यांनी आकडा काढला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हिशेब मांडला गेला. एका कचरावेचक बाईने जेवढा माल वेचून बाजूला काढला, तेवढा पालिकेला उचलून वाहून न्यावा लागला नाही. त्या वाचलेल्या खर्चाची किंमत दर बाईमागे दरमहा सुमारे २४६ रुपये आणि सर्व मिळून वर्षाला सुमारे एक कोटी साठ लाख रुपये निघाली. या आकड्याला उत्तर देणे अवघड होते. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा वैद्यकीय विमा उतरवला, तो उपकार म्हणून नव्हे, या हिशेबाच्या जोरावर.

दरम्यान अलमित्रा पटेल यांच्या सर्वोच्च न्यायालयातील याचिकेनंतर २००० साली घनकचऱ्याचे नियम आले आणि घरोघर जाऊन कचरा गोळा करणे ही पालिकांची जबाबदारी झाली. सगळीकडे ठेकेदारांच्या गाड्या येणार हे दिसत होते. बायकांनी विरोधाच्या घोषणांबरोबर स्वतःचा प्रस्तावही ठेवला: दारोदार आम्ही जातो. घराघरांतून शुल्क आम्ही घेतो. सुक्या मालाची विक्री आमची. पालिकेने ढकलगाड्या, हातमोजे आणि व्यवस्थापनाचा खर्च बघावा. २००७ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. इथे टनावर पैसे नव्हते. वेगळा काढलेला प्रत्येक किलो त्या बाईच्या कमाईत भर घालत होता आणि डेपोवर जाणारा कचरा तेवढा कमी होत होता. फायदा म्हणजे काय, हे कलम ७२ ला अपेक्षित असलेल्या अर्थाने त्यांनी दाखवून दिले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. स्पर्धा न होता काम दिले तर वशिलेबाजीला वाव मिळत नाही का? मिळतो. निविदेची पद्धत आली ती याच कारणाने. पण समान स्पर्धेच्या नावाखाली तीन वर्षांची उलाढाल, बँक हमी, लाखांची बयाणा रक्कम आणि स्वतःच्या मालकीच्या गाड्या मागितल्या, की पोते घेऊन फिरणारी बाई पहिल्याच लखोट्यात बाद होते. शर्यत सर्वांना खुली आहे, फक्त बूट घालून यायचे, असे अनवाणी माणसाला सांगण्यासारखे हे आहे. बांधकाम खात्यात मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी कामांचा वाटा राखण्याची प्रथा आहेच. अर्थात एकदा जिंकले म्हणजे कायमचे जिंकले असेही नाही. २०२० च्या अखेरीस 'स्वच्छ'च्या कराराची मुदत संपली तेव्हा हे काम खासगी ठेकेदाराकडे द्यावे की काय, यावर पुण्यात मोठा वाद झाला आणि बायकांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले.

दुसरी बाजू मुंबईची. तिथले कंत्राटी सफाई कामगार वर्षानुवर्षे पालिकेचेच काम करत होते, पण कागदावर पालिकेचे नव्हते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. कमी दराची किंमत कुणी तरी भरतच असते. इथे ती झाडूवाल्याच्या पगारातून भरली गेली होती.

हे सारे आज का सांगतो आहे? माझ्या एका पुतणीचा बचत गट ग्रामपंचायतीचे कचरा गोळा करण्याचे काम मागायच्या विचारात आहे. "काका, कमीत कमी किती भरू?" असे तिने फोनवर विचारले. मी म्हटले, प्रश्न उलटा विचार. आधी आठ दिवस वाडीवाडीतून हिंडा. घरे किती, हॉटेले किती, चढ कुठे आहे, पावसात गाडी कुठे अडेल, हे वहीत उतरवा. ओला किती, सुका किती, ते तराजूवर घाला, अंदाजाने लिहू नका. मग किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, हातमोजे, गमबूट, गाडीचे डिझेल आणि दुरुस्ती धरा. भंगाराच्या विक्रीचे उत्पन्न धरताना हात आखडता ठेवा, कारण भाव पडतात. निविदापूर्व बैठक असेल तर तिथे जाऊन अटींबद्दल लेखी प्रश्न विचारा. उलढालीची जाचक अट तिथेच बदलून मागता येते, लखोटा उघडल्यावर नाही. आणि यातून जो दर येईल त्याच्या खाली जाऊ नका. तोट्यात मिळवलेले काम चौथ्या महिन्यात बायकांचे पगार खाते.

आपल्या कोकणात हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी वेंगुर्ले आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगरपरिषदेने कचरा दारातच वेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचा वापर रस्त्यांत, बाकीचा माल विक्रीला. जुन्या डम्पिंग ग्राउंडची बाग झाली आणि लोक ती बघायला येऊ लागले. लहान गावाला मोठ्या यंत्रापेक्षा चोख वर्गीकरण जास्त उपयोगी पडते, हे तिथे दिसले.

पुण्याच्या त्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. तरीही आपल्या कष्टाचा हिशेब त्यांनी कार्यालयाला समजेल अशा भाषेत मांडला. आपण शिकली-सवरलेली माणसे निविदेत आधी दर भरतो आणि हिशेब नंतर करतो. असो. तुमच्या गावात कचऱ्याचे काम कोण करते, त्यांना किती मिळते आणि ते टनावर मिळते की घरावर, हे चौकशी करून मला जरूर कळवा.