ओळीआधीची मोकळी जागा

लिखित संहितेतील मोकळी जागा हा संहितेचाच भाग मानावा की केवळ मांडणीचा, हा प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकांना नवा नाही. जुन्या मराठी पोथ्यांत शब्द सलग लिहीत. पदे कोठे तोडावीत हे संपादकाला ठरवावे लागते आणि त्यावर अर्थ पालटतो. याच प्रश्नाचा एक अर्वाचीन इतिहास संगणकाच्या आज्ञावलींत घडला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तो पाहावयास हवा, असे आम्हांस वाटते.

१९५७ साली आयबीएमची फोरट्रान भाषा आली तेव्हा आज्ञा ८० स्तंभांच्या कार्डांवर छिद्रे पाडून लिहीत. पहिले ५ स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा 'पुढे चालू'च्या खुणेसाठी. प्रत्यक्ष विधान ७ ते ७२ या स्तंभांत. जागेला अर्थ होता, पण तो यंत्राच्या सोयीचा. गंमत अशी, की विधानाच्या आत शब्दांमधल्या मोकळ्या जागांना यंत्र जुमानतच नसे. पोथीसारखे सलग लिहिले तरी चाले.

अल्गोल ६० या भाषेने स्तंभांचे बंधन काढले. विधानांमधील सीमा अर्धविराम दाखवू लागला; गटाची सुरुवात आणि शेवट 'बिगिन' व 'एंड' या शब्दांनी, पुढे सी भाषेत महिरपी कंसांनी दाखवला जाऊ लागला. ओळ कोठूनही सुरू करावी, यंत्राला त्याचे काही नाही. ओळी आत सरकवून लिहिण्याची शिस्त आता निव्वळ मानवी वाचकासाठी उरली, आणि म्हणूनच ती शैलीची बाब झाली. कर्निहन आणि प्लॉगर यांनी १९७४ साली आज्ञावली-लेखनाच्या शैलीवर पुस्तक लिहिले, त्याचे नाव स्ट्रंक व व्हाइट यांच्या इंग्रजी गद्यशैलीवरील पुस्तिकेच्या नावावर बेतलेले होते. कंस ओळीच्या शेवटी की नव्या ओळीवर, ४ जागा सोडाव्यात की ८, यावर जे वाद रंगले त्यांपुढे आपले ऱ्हस्व-दीर्घाचे वाद सौम्य वाटावेत.

तरीही ते क्षुल्लक म्हणून सोडता येत नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या प्रणालीतील, सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या भागातला एक दोष उघड झाला. 'गोटू फेल' ही ओळ तेथे लागोपाठ दोनदा आली होती. लिपिकाराच्या हातून ओळ दोनदा उतरण्याचा दोष पाठचिकित्सकांच्या परिचयाचा आहे. हा त्याच जातीचा. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली, त्यामुळे वाचणाऱ्याला ती अटीखालचीच दिसे. कंस नसल्याने कंपायलरच्या लेखी मात्र ती बिनशर्त होती. परिणामी पुढची तपासणी वगळली जाई आणि समोरच्या सर्व्हरची डिजिटल स्वाक्षरी न पडताळताच आयफोन व मॅक त्यावर विश्वास ठेवीत.

डोळ्यांना दिसणारी रचना हाच अर्थ का मानू नये, हा विचार पीटर लँडिन यांनी १९६६ सालीच मांडला होता. ॲमस्टरडॅममध्ये घडलेल्या एबीसी भाषेत तो आला. तिच्यावर काम केलेल्या गिदो व्हान रॉसम यांच्या पायथनमध्ये (१९९१) तो जगभर पोहोचला. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेने निराळी वाट धरली: तिच्यासोबतचा 'गोफम्ट' सर्वांची मांडणी एकाच साच्यात बसवतो. यात लेखकाची शैली लोपते, ही तक्रार साहित्याच्या माणसाने करावी हे अपेक्षितच. आम्हांस ती पटत नाही. कवितेची ओळ कोठे तोडावी हा कवीचा अधिकार खरा, पण तेथे वाचक एकाच जातीचा असतो. येथे यंत्रही वाचते. २०१६ साली जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, ओळींची मांडणी फसवी असल्यास तसा इशारा देण्याची सोय आली.