मेलिंग लिस्टवर आलेले फर्मान

ज्या काळी संगणक थोडे आणि त्यांवर काम करणारी मंडळी बहुधा परस्परांच्या परिचयाची होती, त्या काळी, म्हणजे १९८२ साली, जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या वाहतुकीचे नियम शब्दबद्ध केले. आणि पत्रावर ज्याचे नाव तोच त्याचा लेखक, हा विश्वास सर्वांनी गृहीतच धरला असल्यामुळे, नावाची शहानिशा करण्याची तजवीज त्या नियमांत नव्हती. याच विश्वासावर मेलिंग लिस्ट ही संस्था वाढली. १९८६ साली पॅरिस येथे एरिक थॉमस यांनी लिस्टसर्व्ह हा प्रोग्रॅम रचला, आणि एका पत्त्यावर धाडलेले पत्र शेकडो सभासदांच्या हाती मूळ लेखकाच्याच नावाने पडू लागले. विद्वानांचे वाद, ग्रंथपालांची विचारपूस, दुर्धर व्याधींनी ग्रासलेल्यांचे परस्परांना दिलेले धीराचे शब्द, हे सारे अशा याद्यांवरून वर्षानुवर्षे वाहत राहिले.

पुढे तोतयांचा सुळसुळाट झाला. बंदोबस्त म्हणून २००६ साली एसपीएफची व २००७ साली डीकेआयएमची नियमावली प्रसिद्ध झाली: पहिलीने पत्र अधिकृत सर्व्हरवरून निघाले की नाही हे ताडता येई, तर दुसरीने त्यातील मजकुरावर सांकेतिक स्वाक्षरी उमटे. २०१२ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या डीमार्कने या दोहोंची सांगड प्रेषकाच्या दृश्य पत्त्याशी घातली, आणि त्या कसोटीस न उतरणारे पत्र सरसहा नाकारावे, असा हुकूम देण्याचा अधिकार डोमेनच्या मालकास दिला. बँका व पेढ्या यांची पत्रे थेट ग्राहकाकडे जात असल्याने त्यांना ही व्यवस्था हितकारकच होती.

परंतु एप्रिल २०१४ मध्ये याहूने, व त्याच महिन्यात एओएलने, हाच हुकूम सामान्य माणसांच्या खासगी पत्त्यांना लागू केला. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का उठला की त्याखाली कोणी अक्षर वाढवू नये, असा दंडक होता. डीकेआयएमची स्वाक्षरीही तशीच, आणि मेलिंग लिस्ट तर प्रत्येक पत्राच्या विषयात आपले नाव व तळाशी आपली सूचना निष्ठेने जोडणारी. स्वाक्षरी भंगली, पत्र लिस्टच्या सर्व्हरवरून निघाल्यामुळे एसपीएफचाही आधार उरला नाही. याहूच्या एका सभासदाने पत्र लिहावे, जीमेल व हॉटमेलच्या सर्व्हरांनी ते परतवावे, आणि लिस्टच्या प्रोग्रॅमने त्या परतीचा दोष ज्यांना पत्र मिळालेच नाही त्यांच्या खाती मांडून काही दिवसांत त्यांचीच टपाल बंद करावी, असा विपरीत न्याय घडू लागला.

याद्या चालवणाऱ्या मेलमॅन या प्रोग्रॅमने यावर तोड दिली: प्रेषकाच्या पत्त्याच्या जागी लिस्टचा पत्ता घालावा. पत्रे पोहोचू लागली खरी. परंतु लेखकाचा पत्ता त्याच्या जागेवरून हटला, आणि एकट्यासाठी लिहिलेले उत्तर सगळ्यांच्या हाती पडण्याचे भय निर्माण झाले. मधल्या हातांची साखळी प्रमाणित करणारी एआरसी ही योजना २०१९ साली प्रसिद्ध झाली, पण तीही प्रयोग म्हणूनच.

तोतयांना आवर घालणे अवश्य होते, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या नियमाचा हेतू लेखकाच्या नावाचे रक्षण हा, त्याच्याच अंमलापायी प्रामाणिक लेखकाचा पत्ता त्याच्या पत्रावरून पुसावा लागला, आणि दुरुस्तीचा भार हुकूम काढणाऱ्यांवर न पडता विनावेतन याद्या सांभाळणाऱ्यांवर पडला, हा अन्याय होता. माणसे जेथे आपल्या नावाने परस्परांशी बोलतात, तेथे असा हुकूम लागू करण्यापूर्वी मधल्या प्रामाणिक वाहकाची सोय लावणे, हे हुकूम काढणाऱ्याचेच कर्तव्य आहे.