उष्ण कटिबंधातल्या देशात जाण्याआधी कोणत्या लसी घ्याव्यात? धायरीतून जाणाऱ्यांसाठी आणि धायरीत येणाऱ्यांसाठी

केनियात मसाईमाराची सहल असो, युगांडातली नोकरी असो की घानातलं कंपनीचं काम. धायरीतून निघणाऱ्या माणसाकडे पासपोर्ट-व्हिसाबरोबर पिवळ्या रंगाची एक छोटी पुस्तिका असावी लागते. ते यलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. बाकीच्या बहुतेक लसी सुचवल्या जातात, ही मात्र नियमानं मागितली जाते.

पीतज्वर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आढळतो. भारतात त्याची साथ कधी आलेली नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंगीचाच डास, इथे कुंडीखालच्या ताटलीतही वाढतो. बाधित प्रवासी उतरला की साथीला लागणारं बाकी सगळं तयारच आहे, म्हणून भारताचे नियम कडक आहेत. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात पोहोचणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. म्हणजे जाताना कोणी विचारलं नाही, तरी परतताना विमानतळावर अडकायला होतं. फक्त विमान बदलण्यासाठी तिथे थांबणार असाल, तरी नियम आधी विचारून घेतलेला बरा.

लस टोचल्यावर प्रमाणपत्र लगेच लागू होत नाही; त्याला १० दिवस जावे लागतात. एकदा लागू झालं की ते आयुष्यभर चालतं. हा बदल ११ जुलै २०१६ पासूनचा आहे आणि त्याआधीच्या पुस्तिकांनाही लागू आहे, मग त्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली का असेना.

ही लस धायरी फाट्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर देतात. पुण्यात ससूनशी जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात असं केंद्र आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे अशा केंद्रांवर ठरलेले दिवस आणि आधी नोंदणी असते. तिकीट काढलं त्याच आठवड्यात चौकशी करावी, निघायच्या आठवड्यात नव्हे.

लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. म्हणून नऊ महिन्यांखालची बाळं, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. साठीपुढच्या पहिल्यांदाच घेणाऱ्यांनीही. वैद्यकीय कारणानं लस देता येत नसेल तर तसं पत्र मिळतं, पण ते मान्य करायचं की नाही हे समोरचा देश ठरवतो.

मक्का-मदिनेला हज किंवा उमरासाठी जाणाऱ्यांना मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकॉकल लस बंधनकारक आहे. पोलिओचा विषाणू अजून सापडणाऱ्या देशांसाठीही डोसचा दाखला मागितला जातो. ती यादी बदलत राहते. थायलंड, श्रीलंका किंवा बालीला थेट भारतातून जाणाऱ्याला पीतज्वराची लस लागत नाही.

आता सुचवल्या जाणाऱ्या लसी. विषमज्वर (टायफॉइड) आणि हिपॅटायटिस ए या दोन्ही जवळच्या दवाखान्यात मिळतात. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत झाला नसेल तर तोही घ्यावा. दुर्गम भागात राहणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेतली, तर कुत्रं किंवा माकड चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन शोधत फिरावं लागत नाही, फक्त पुढचे डोस पुरतात. मलेरियासाठी मात्र गोळ्या आणि मच्छरदाणीच. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती आर२१ ही मलेरियाची लस आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे, पर्यटकांसाठी नाही.

‘आपल्याला सवय आहे’ हे वाक्य इथे नेहमी ऐकू येतं. गंमत अशी, की कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, म्हणजे धायरी स्वतःच उष्ण कटिबंधात आहे. त्यामुळे न्यू जर्सीहून सुट्टीत आजी-आजोबांकडे येणारी नातवंडंही उष्ण कटिबंधातल्या देशातच येत असतात. आई-वडिलांना मात्र तो ‘प्रवास’ वाटत नाही, घरी जाणं वाटतं, आणि लसीचा विषय राहून जातो. अमेरिका-ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या विषमज्वराच्या रुग्णांत दक्षिण आशियातल्या नातेवाइकांकडे जाऊन आलेल्यांचं प्रमाण मोठं असतं. या मुलांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला गोवरचा एक जादा डोस, असा सल्ला तिकडचे डॉक्टर देतात.

लसीनं सगळं झाकलं जात नाही हे सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यानं जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्याच्यावर लस नाही. पाणी उकळून पिणं आणि चिकन नीट शिजवणं, एवढाच उपाय. धायरीतही आणि नैरोबीतही.