खासबाग, केशवराव आणि खुल्या स्पर्धेचा प्रश्न

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आगीची झळ शेजारच्या खासबाग मैदानालाही लागली. लोक रडले आणि लगेच मागणी झाली: होतं तसंच बांधा. मागणी रास्त होती. पण त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो फारसा कुणी विचारला नाही. नाट्यगृहाभोवतीच्या जागेचं काय?

या दोन्ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांच्या. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, तिथे त्यांनी रोमची जुनी प्रेक्षागारं पाहिली, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग उभं राहिलं. मध्ये हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसते. १९१५ मध्ये शेजारी पॅलेस थिएटर झालं, म्हणजेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. त्यातही प्रेक्षकांच्या नजरेआड येणारे खांब नव्हते. मला ही साधी गोष्ट फार मोठी वाटते. गवंड्याला दिलेली अट एकच असावी: मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं पाहिजे.

आणि तिथे दिसायचं काय? खासबागेच्या सुरुवातीच्या गाजलेल्या लढतींत पंजाबचा इमामबक्ष पैलवान होता. महाराजांच्या दरबारी गायक होते उस्ताद अल्लादियाँ खाँ. जयपूर-अत्रौली घराणं महाराष्ट्राच्या मातीत रुजलं ते इथून, आणि त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ पुढेही कोल्हापुरातच राहिले. १९०६ मध्ये महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग काढलं, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण तालीम आणि मैफल याही सामायिक जागा होत्या, हे सांगायचं राहून जातं.

तेव्हा निर्णय राजाचा होता. आता राजा नाही. मग जुनी झालेली सार्वजनिक जागा नव्याने कशी घडवायची, हे ठरवणार कोण? ठेकेदार, एखादा सल्लागार, की गाव? जगात यावर एक जुना उपाय आहे: खुली स्पर्धा. अट सगळ्यांना एकच, रेखाटनं सगळ्यांची, निवड जाणकारांची.

पण स्पर्धा म्हणजे जादू नव्हे. अंकाऱ्याच्या कोजातेपे मशिदीची गोष्ट पाहा. १९५७ च्या स्पर्धेत वेदात दालोकाय आणि त्यांच्या सहकाऱ्याचा आधुनिक आराखडा जिंकला. काम सुरूही झालं. मग टीका झाली, ‘ही कसली मशीद’ असा सूर उठला आणि तो आराखडा गुंडाळला गेला. १९६७ मध्ये पुन्हा स्पर्धा झाली, आणि उस्मानी धाटणीची मशीद १९८७ मध्ये पूर्ण झाली. इकडे दालोकाय यांनी १९६९ मध्ये इस्लामाबादच्या फैसल मशिदीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १७ देशांतून ४३ आराखडे आले होते. घुमट नसलेली, तंबूसारखी ती मशीद १९८६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यावरही आधी नाकं मुरडली गेलीच. माणूस तोच, एका गावाने नाकारलेला, दुसऱ्याने स्वीकारलेला.

आपल्याकडचे अनुभवही मिश्र आहेत. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या विस्तारासाठी स्पर्धा झाली, २०१४ मध्ये अमेरिकी वास्तुकार स्टीव्हन हॉल विजेते ठरले. ती इमारत मात्र झाली नाही. २०१९ मध्ये मुंबई महापालिकेने ‘मुंबई स्ट्रीट लॅब’ ही रस्त्यांच्या आराखड्यांची स्पर्धा घेतली. निवडलेल्या पाच रस्त्यांत एक ग्रँट रोडकडचा मौलाना शौकत अली रोड होता. हे मला महत्त्वाचं वाटतं. दाटीवाटीच्या, हातगाड्यांच्या रस्त्यालाही चांगला आराखडा मागायचा हक्क आहे, हे तिथे मान्य झालं. नाहीतर सुशोभीकरण म्हटलं की पहिला दणका फेरीवाल्याला, आणि त्यात आपले लोक किती असतात हे वेगळं सांगायला नको.

म्हणून स्पर्धेत खरं महत्त्व अटींचं. आराखडा कागदावर यायच्या आधीच अर्धा निकाल अटींत लागलेला असतो. खासबाग परिसरासाठी उद्या स्पर्धा झाली, तर नाट्यगृहाच्या दगडी दर्शनी भागाला कुणी हात लावू नये, हे आधीच लिहावं. पण बाकी मोकळं ठेवावं: कुस्ती नसते त्या दिवशी मैदान कुणाचं, गाड्या कुठे उभ्या करायच्या, चहावाला कुठे बसेल, म्हाताऱ्या माणसाला सावली कुठे, बायकांना संध्याकाळी निर्धास्त बसता येईल का, आग लागली तर बंब आत कसा शिरेल. परीक्षकांत एखादा वस्ताद आणि एखादा रंगमंच कामगार असावा. त्यांना नकाशा वाचता येत नसेल, तर वास्तुकारांनी तो मातीत करून दाखवावा. कोल्हापुरात माती घडवणाऱ्यांची कमतरता नाही.