'आगर' आणि 'आगार' : एका कृषिरूपकाचा इतिहास

एखाद्या विद्वानाचा गौरव करताना आपले लेखक त्याला कधी 'ज्ञानाचे आगर' म्हणतात, कधी 'ज्ञानाचे आगार'. मुद्रितशोधकही दोन्ही रूपे निमूटपणे सोडून देतात. वस्तुतः हे दोन निराळे शब्द असून त्यांच्यामागील चित्रेही निराळी आहेत.

'आगार' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. अर्थ घर, कोठार. कोषागार, शस्त्रागार, कारागार ही त्याची गोत्रज मंडळी. 'आगर' मात्र 'आकर' या शब्दापासून आला, असे मानणे सयुक्तिक होय. मकर-मगर, प्रकट-प्रगट या जोड्यांत दोन स्वरांमधील 'क'चा 'ग' झाला, तोच प्रकार येथे दिसतो. आकर म्हणजे खाण, उत्पत्तिस्थान. म्हणूनच समुद्र हा रत्नाकर.

कोकणात या शब्दाने शेतीचा अर्थ धारण केला. दक्षिणेकडे नारळी-पोफळीच्या बागेस आगर म्हणतात. ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठी आगर म्हणजे मिठागर. भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणारी मुर्धा, राई, मोर्वा ही गावे याच मुलखातील. (मुर्ध्याचे नाव ऐकताच मूर्धन्य वर्णांकडे धाव घेण्याचा मोह व्युत्पत्तिकारांनी आवरावा.) येथील आगरी समाजाचे पिढीजात व्यवसाय दोन : पावसाळ्यात भात, कोरड्या ऋतूत मीठ. 1882 च्या ठाणे गॅझेटियरातही हे दोन्ही व्यवसाय नोंदलेले आहेत. भरतीचे पाणी बांधाआड घ्यावयाचे, वाफ्यावाफ्यांतून फिरवीत उन्हाने दाट होऊ द्यावयाचे आणि खडा धरला की ओढून रास घालावयाची. या कृतीस मीठ 'पिकविणे' म्हणतात. वाफा, बांध, हंगाम, पीक, रास : सारी परिभाषा शेतकऱ्याची. हात तेच, म्हणून शब्दही तेच.

तेव्हा वस्तू जेथे निपजते ते आगर, जेथे ठेवली जाते ते आगार. एस.टी.च्या आगारात गाड्या पिकत नाहीत. ग्रंथालयास ज्ञानाचे आगार म्हणणे यथार्थच आहे. परंतु संशोधकास तसे म्हटले तर त्याने परक्याचे धान्य साठविले, एवढाच त्याचा अर्थ होतो. विद्यापीठास कोणता शब्द लावावा, हा प्रश्न मी सहकाऱ्यांवर सोपवितो.

याहून अधिक हानी 'मिठागार' या रूपाने होते. दीर्घ रूप ते शुद्ध आणि ऱ्हस्व ते ग्राम्य, या समजुतीतून ते छापले जात असावे. मुंबईच्या परिसरातील मिठागरे झपाट्याने आटत असताना त्यांची साक्ष ज्या शब्दात उरावयाची, तोच असा 'सुधारला' जातो. 'मिठागारा'पासून नाव साधावयाचे झाले तर 'आगारी' निघेल. 'आगरी' निघणार नाही.