पूर्णेच्या पाटाचं शेवटचं रान

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीच्या मंडळींनी सांगितलं. सोसायटीच्या पंचवीस वर्षांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी एका पाटाबद्दल लिहितो. बोलत बोलत आपल्या टाकीपर्यंत येऊच.

माझं आजोळ अर्धापूरच्या बाजूला. सुट्टी लागली की भोकरहून एसटीनं नांदेड आणि तिथून पुढं अर्धापूर. आजोळच्या रानाला वरच्या अंगानं पूर्णेचा पाट होता. सरकारी कागदावर तो कालवा. आजोबा निजामाच्या काळातले, ते 'नहर' म्हणत. आम्हा पोरांचा तो नुसता पाट. काठावर बाभळी, मध्येच बेशरमाची झुडपं, पाण्यावर टपून बसलेला खंड्या आणि पुलाखाली धुणं बडवणाऱ्या बाया. पाठीला वाळका भोपळा बांधून मी तिथंच पोहायला शिकलो. फक्त सायफनकडं जायची बंदी होती; तिथलं पाणी माणसाला आत ओढतं म्हणायचे.

या पाटाचा इतिहास आपल्या भागाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. हैदराबाद संस्थानात मोठं धरण झालं ते निजामसागर. नवाब अली नवाज जंग या इंजिनिअरच्या देखरेखीखाली १९३१ साली ते पुरं झालं. नदी आपलीच, बीड-लातूरकडून वाहत जाणारी मांजरा. पण त्या कालव्यानं भिजलं ते निजामाबाद-बोधनकडचं रान. आपल्याकडं विहीर, मोट आणि आभाळ. मोठ्या धरणाचं पाटाचं पाणी आमच्या आजोळाला मिळालं ते १९६० नंतर. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणाऱ्या पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर अशी दोन धरणं झाली. येलदरीला पाणी साठवायचं, तिथं वीज करायची (तिथल्या वीजघराची क्षमता साडेबावीस मेगावॅट), तेच पाणी नदीतून खाली सिद्धेश्वरला अडवायचं आणि तिथून कालव्यात सोडायचं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. या पाण्यानं वसमतकडं हळद आणि अर्धापूरकडं केळी वाढली.

पण पाटाचं पाणी विहिरीसारखं आपल्या एकट्याचं नसतं. सात नंबरचा अर्ज भरायचा, आवर्तन सुटायची वाट पाहायची, मग पाळीनं दारं धरायची. याला शेजपाळी म्हणतात. नियम असा की आधी चारीच्या शेवटच्या रानाला पाणी द्यायचं आणि मग एकेक करत वर यायचं. कारण उघड आहे. वरच्याला पाणी दारातूनच जातं, तो कधीही घेऊ शकतो. खालच्याला मात्र वरच्यानं सोडलं तरच मिळतं.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गव्हाला शेवटचं पाणी चालू होतं. आमचं रान चारीच्या तोंडाशी. आमची पाळी संपली तरी मामांनी रात्री दार पुन्हा उघडलं. मी कंदील धरून सोबत होतो आणि मला त्याची मोठी गंमत वाटली होती. सकाळी आजोबांनी बांधावर सांडलेलं पाणी पाहिलं. मामांना एवढंच म्हणाले, "आपलं रान भिजलं होतं ना? खाली कोणी वाट पाहूलालं असंल, हे कळंना का तुला?"

मग माझा हात धरून ते चारीच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेले. तिथं चारीत नुसता ओला चिखल होता आणि पलीकडं गहू ओंबीतच वाळायला लागला होता. शेतकरी बांधावर बसलेला. आम्ही कोण, हे त्याला ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. उठला, मडक्यातलं पाणी तांब्यात घेतलं आणि आजोबांना म्हणाला, "उन्हात आलात, पाणी घ्या." आजोबांनी घेतलं. मला मात्र ते पाणी गिळवेना.

पुढं २००५ साली कायदा झाला आणि पाटाचं पाणी मोजून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडं देण्याची तरतूद झाली. वाटप त्यांनीच आपसांत करायचं. आपल्या सोसायटीसारखंच, पाणी सगळ्यांचं आणि भांडणही आपलंच.

आपली बोअर आटली होती तो उन्हाळा जुन्या सभासदांना आठवत असेल. टाकीतून अर्धा तास पाणी सुटायचं. आम्ही पहिल्या ओळीतले. नळाला मोटार लावून ओढणाऱ्यांत मीही होतो, हे आज लिहून टाकतो. एका सकाळी शेवटच्या ओळीतल्या वहिनी रिकामी कळशी घेऊन आमच्या दारात आल्या. भांडल्या नाहीत, फक्त "एक कळशी मिळंल का?" म्हणाल्या. मला तो तांब्या आठवला. त्याच दिवशी मोटार काढली आणि मीटिंगमध्ये शेजपाळीचा नियम सांगितला. तेव्हापासून टंचाईत आपला व्हॉल्व्ह आधी शेवटच्या ओळीचा उघडतो. नवीन सभासद विचारतात, "हे उलटं काहून?" म्हणून हा लेख.

यापुढंही टंचाईत ही पद्धत मोडू नये, एवढी विनंती.